यकृतातली खारणी

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून नुसतं ‘सहाशे पंचवीस द्या’ म्हटलं तरी पुरतं. येवल्याच्या बाजारपेठेत म्हणा किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर, समोरचा माणूस मागच्या खणातून बरोबर तीच स्ट्रिप काढतो. चिठ्ठी विचारायला हवी, ती प्रत्येक वेळी विचारली जातेच असं नाही. घसा बसला, दाढ सुजली, कान ठणकला, सायनस भरला, सहाशे पंचवीस घ्या.

हा आकडा आला कुठून? ती साधी बेरीज आहे. ५०० मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. पहिलं औषध जंतूंना त्यांच्या पेशीची भिंत नीट बांधू देत नाही, त्यामुळे जंतू फुटून मरतात. दुसरं स्वतः जवळपास कोणालाच मारत नाही. काही जंतूंकडे पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोडणारं एन्झाइम असतं. त्या एन्झाइमला हे आम्ल चिकटून बसतं आणि ते निकामी करतं. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या बीचम कंपनीच्या संशोधकांना ते मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. एका जिवाणूनं तयार केलेलं हत्यार आपण दुसऱ्या जिवाणूंवर चालवतो.

आता नवल बघा. नुसतं अ‍ॅमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या यकृताला इजा होते, आणि जोडगोळी घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या? ब्रिटनमधल्या नोंदी तपासून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं उत्तर होतं: पहिल्या गटात लाखात सुमारे ३, दुसऱ्यात लाखात सुमारे १७. म्हणजे जंतूंना मारणारा तो ५००चा आकडा यकृताशी बऱ्यापैकी मिळतंजुळतं घेतो. खोडी आहे ती बहुधा त्या १२५मध्ये.

लाखात १७! उरलेल्या ९९,९८३ जणांनी तीच गोळी घेतली, तितकेच दिवस घेतली, आणि त्यांच्या यकृताला काही झालं नाही. मग या १७ जणांच्या शरीरात वेगळं असं घडलं तरी काय? गोळी विषारी असती तर तिने सगळ्यांनाच थोडंफार पिडलं असतं. या एका प्रश्नामागे गेलं की थेट आपल्या आजी-आजोबांकडून आलेल्या जनुकांपर्यंत जाऊन पोचतो आपण.

सुरुवात गोळी गिळल्यापासून करू. गोळी आतड्यात विरघळली, रक्तात उतरली. बहुतेक अवयवांतून निघालेलं रक्त हृदयाकडे परततं. आतड्यातून निघालेलं मात्र आधी यकृतात जातं. त्यासाठी एक वेगळी जाड रक्तवाहिनीच आहे. दर मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त यकृतातून जातं आणि त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश या एका वाहिनीतून येतं. बाजरीची भाकरी, सकाळचा चहा, डोकेदुखीची गोळी, सगळ्याचा पहिला मुक्काम यकृत. उरलेल्या शरीराला त्यातलं काय आणि किती पोचणार, हे बरंचसं तिथे ठरतं.

पण यकृताला ही गोळी कळते कशी? आपली बरीचशी औषधं गेल्या शंभर वर्षांतली. त्यातले कितीतरी रेणू त्याआधी पृथ्वीवर नव्हतेच! तरीही दीड किलो वजनाचा हा अवयव पहिल्याच भेटीत त्यांना हाताळतो. हे कसब त्याने कुठे मिळवलं? वनस्पतींकडून. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानात, बीत, सालीत कडू आणि विषारी रसायनं साठवतं. ती पानं खाऊन जगायचं असेल तर प्राण्याला ती रसायनं मोडता आली पाहिजेत. कोट्यवधी वर्षं ही चढाओढ चालली. तिच्यातून प्राण्यांच्या यकृतात एन्झाइमांचं एक मोठं घराणं तयार झालं, सायटोक्रोम पी-४५०. माणसाकडे या घराण्याची ५७ जनुकं आहेत. त्यांच्यातलं एकच एन्झाइम आपल्या जवळपास निम्म्या औषधांना हात लावतं. कारल्याच्या पूर्वजांशी झगडताना कमावलेली विद्या आज अँटिबायोटिकच्या गोळीवर चालते आहे, हे मला कितीही वेळा वाचलं तरी थक्क करतं.

ज्यांच्या घरात माग आहे त्यांना पुढचा भाग चटकन कळेल. पैठणीचं रेशीम येतं तेव्हा त्यावर डिंकासारखा थर असतो. तसंच रंगात बुडवलं तर रंग नीट धरत नाही. म्हणून आधी खारणी. गरम पाण्यात पापडखार, त्यात लडी पुन्हा पुन्हा बुडवायची, डिंक सुटला की पिळून काढायची आणि मग रंगाच्या भांड्यात. पहिल्या भांड्यात धागा उघडा होतो, दुसऱ्यात त्याला रंग चढतो.

यकृत औषधांना अशाच दोन भांड्यांतून काढतं. बरीच औषधं तेलात विरघळणारी असतात, पाण्यात नाही, त्यामुळे लघवीवाटे ती सहजी निघत नाहीत. पहिल्या भांड्यातली एन्झाइमं रेणूवर एखादी जागा उघडी करतात, बहुतेकदा तिथे ऑक्सिजन बसवून. दुसऱ्या भांड्यातली एन्झाइमं त्या उघड्या जागेवर पाण्यात विरघळणारा एखादा तुकडा जोडतात. मग रेणू लघवीतून किंवा पित्तातून बाहेर.

गोम आहे ती दोन भांड्यांच्या मधल्या वेळात. खारणी झालेला धागा रंगाच्या भांड्यात न जाता उघडाच पडून राहिला तर? जो डाग पडेल तो त्याला लागेल. यकृताच्या पेशीतही तेच होतं. उघडा झालेला रेणू चिकटायला आसुसलेला असतो. दुसरं भांडं वेळेत मिळालं नाही तर तो शेजारच्या प्रथिनांना, पेशीच्या पडद्याला, जे सापडेल त्याला जाऊन चिकटतो. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची मुळं पुष्कळदा याच फटीत असतात. गोळी जशी आली तशी निरुपद्रवी असू शकते. तिला बाहेर काढण्याच्या खटपटीत यकृत स्वतःच तिला काही क्षण धारदार करतं.

या फटीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या देशात रोज घडतं, आणि ते सहाशे पंचवीसचं नाही. औषधांनी यकृत दुखावलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या प्रकल्पात २०१५ साली ८९९ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या क्रमांकावर हीच जोडगोळी होती. आइसलँडमध्ये देशभराची मोजणी केली तेव्हाही तीच पहिली, दर २,३५० वापरकर्त्यांमागे एक. भारतात चित्र पालटतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे डॉ. हर्षद देवरभावी यांच्या पुढाकाराने २०१३ ते २०१८ या काळात देशभरातल्या केंद्रांतून १,२८८ रुग्णांच्या नोंदी जमल्या. त्यातले ४६ टक्के रुग्ण टीबीच्या औषधांमुळे यकृत दुखावलेले होते. टीबीची औषधंही अँटिबायोटिकंच, फक्त ती पाच दिवसांची नसतात, सहा महिन्यांची असतात.

सरकारी दवाखान्यात मिळणारी टीबीची एक गोळी हातात घेऊन बघा. एका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. पेशंटच्या वजनावर रोज किती गोळ्या हे ठरतं. पहिले दोन महिने ही चौकडी, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून. चौघांतलं इथॅम्ब्युटॉल यकृताच्या वाटेला जवळपास जात नाही. बाकी तिघांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि तिघांत आयसोनियाझिडची कथा सगळ्यात विलक्षण.

हा रेणू १९१२ साली प्राग शहरात हान्स मायर आणि योझेफ माली या दोघांनी प्रयोगशाळेत बनवला. कशासाठी? औषध म्हणून मुळीच नाही. पुढची चाळीस वर्षं जगभर टीबीने माणसं जात होती आणि ज्याने ती वाचली असती तो रेणू कागदावर पडून होता! १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये तो पेशंटना दिला गेला. मरणाच्या दारात असलेल्यांना भूक लागायला लागली, वजन वाढलं, वॉर्डात पेशंट नाचत असल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांनी छापली.

मग अठराएक वर्षांनी धक्का बसला. १९७० साली वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात काम करणाऱ्या २,३२१ जणांना टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड सुरू केलं. त्यातल्या १९ जणांना यकृताचा दाह झाला आणि दोघे दगावले. हे आधी का दिसलं नव्हतं? कारण आधी ते मुख्यतः खंगलेल्या पेशंटना दिलं जात होतं. भूक नाही, मळमळ, थकवा, यातलं काहीही झालं तरी ते आजाराच्या खात्यावर जमा व्हायचं. धडधाकट माणसं पिवळी पडली तेव्हा कुठे नजर औषधाकडे वळली.

आता येवल्याच्या एका गल्लीतले दोन शेजारी डोळ्यांसमोर आणा. वय सारखं, वजन सारखं, दोघांनी सकाळी आठला आयसोनियाझिडचा सारखाच डोस घेतला. साधारण दीड तासात एकाच्या रक्तातलं औषध निम्म्यावर येतं. दुसऱ्याच्या रक्तात ते निम्म्यावर यायला तीन तास लागतात. दोघंही निरोगी आहेत, दोघांचीही यकृतं ठणठणीत आहेत. फरक आहे तो दुसऱ्या भांड्यातल्या एका एन्झाइमचा. हे एन्झाइम आयसोनियाझिडवर अ‍ॅसिटिलचा छोटा तुकडा जोडतं. काहींकडे ते झपाट्याने काम करतं, काहींकडे रमतगमत. १९५०च्या दशकात डॉक्टरांना हे दिसू लागलं. १९६० साली कुटुंबंच्या कुटुंबं बोलावून, औषध देऊन, सहा तासांनी रक्त तपासलं. आलेखावर एक उंचवटा यायच्या ऐवजी दोन आले. वेगवान आणि मंद अशा माणसांच्या दोन जाती निघाल्या, आणि त्या आई-बापांकडून मुलांत उतरत होत्या. माणसाच्या जनुकांवर औषधाचा परिणाम ठरतो, या विचाराला ज्या मोजक्या शोधांनी पाया दिला त्यात हा एक.

मंद गटात कोण? जपानमध्ये दहातला एखादाच. भारतात निम्म्याहून अधिक माणसं. म्हणजे हे काही दुर्मीळ व्यंग नाही. तुम्ही-मी त्यात असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे.

मंद असण्याने बिघडतं काय? दुसरं भांडं संथ असलं की आयसोनियाझिड आडवाटेने मोडू लागतं आणि त्या मोडतोडीतून तयार होतं हायड्राझिन. हे नाव ओळखीचं वाटतंय? उपग्रहांना अवकाशात हलवणाऱ्या छोट्या इंजिनांत जगभर हायड्राझिन वापरतात. इस्रोच्या ‘विकास’ इंजिनाच्या इंधनातही हायड्राझिनच्या कुळातले रेणू असतात. सकाळी घेतलेल्या गोळीतून पोटात अग्निबाणाच्या इंधनाचे कण! अगदी सूक्ष्म प्रमाणात, आणि बहुतेकांचं यकृत त्यांचीही विल्हेवाट लावतं. त्यात रिफाम्पिसिन सोबत असलं की ते या आडवाटेला आणखी वेग देतं. म्हणून ही दोन औषधं एकत्र दिली की यकृताला इजा होण्याचं प्रमाण एकेकट्या औषधापेक्षा वाढतं. दारूने पहिल्या भांड्यातलं एक एन्झाइम वाढतं आणि उघडे रेणू जास्त तयार होतात. टीबीच्या पेशंटला डॉक्टर दारू सोडायला बजावतात त्यामागे हेही एक गणित आहे.

हे सगळं परदेशी रक्तावरचं संशोधन आहे असं वाटू नये. पश्चिम भारतातल्या टीबीच्या पेशंटवर हाच प्रश्न तपासणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं यकृत औषधांनी दुखावलं त्यांच्यात मंद जनुकांची माणसं ठळकपणे जास्त निघाली. त्या अभ्यासकांमध्ये एक नाव होतं मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेलेले डॉक्टर म्हणून महाराष्ट्राला ते नाव माहीत आहे. मला ते या कामासाठीही माहीत असावं असं वाटतं. आपल्याच माणसांच्या यकृतात काय चाललंय हे आपल्याच भूमीत तपासणारी माणसं थोडी असतात.

आणि आता या कथेतलं माझं सगळ्यात आवडतं वळण. आयसोनियाझिड सुरू केलेल्यांपैकी शंभरातल्या दहा-वीस जणांच्या रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम पहिल्या काही आठवड्यांत थोडं वर चढतं. म्हणजे यकृताच्या काही पेशी दुखावल्या, त्यांच्यातलं हे एन्झाइम रक्तात सांडलं. मग? औषध चालूच ठेवलं तरी त्यातल्या बहुतेकांचं एसजीपीटी आपोआप खाली येतं! यकृत शिकतं. एन्झाइमांचं प्रमाण बदलतं, बचावाची रसायनं वाढवतं, मेलेल्या पेशींच्या जागी नव्या आणतं आणि त्याच औषधासोबत नांदू लागतं. खरी इजा होते ती ज्यांना हे जुळवून घेणं जमत नाही अशा थोड्यांना. म्हणूनच रिपोर्टमध्ये आकडा जरा वाढलेला दिसला की डॉक्टर लगेच औषध बंद करत नाहीत. तो नॉर्मलच्या पाचपट झाला, किंवा तिप्पट होऊन सोबत मळमळ, उलट्या, कावीळ आली, तर मात्र ते थांबतात.

कावीळ म्हणजे तरी काय? मांडीला टेबलाचा कोपरा लागला, काळंनिळं झालं, दोन-चार दिवसांत त्याच्या कडा हिरवट झाल्या, मग पिवळ्या. तुम्ही हे शंभरदा बघितलं असेल. तांबड्या पेशींतलं रंगद्रव्य मोडतं तेव्हा आधी एक हिरवं रसायन बनतं आणि त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन. हेच काम शरीरात अहोरात्र चालू असतं. दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी मोडीत निघतात. हे वाक्य वाचेपर्यंत एक कोटी गेल्या असतील! त्यांचं सगळं पिवळं बिलिरुबिन यकृत दुसऱ्या भांड्यातून काढून पित्तात सोडतं, आणि त्याच्याच पुढच्या रूपामुळे शौचाला तपकिरी रंग येतो. यकृत थकलं की पिवळा रंग रक्तातच साचतो. पहिल्यांदा तो डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसतो, कारण तिथल्या तंतूंना तो चांगला चिकटतो. बघायचा तर दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून. पिवळ्या बल्बखाली नाही दिसत.

इथे टीबीच्या पेशंटची एक मोठी पंचाईत होते. रिफाम्पिसिन स्वतःच विटकरी-लाल रंगाचं. पहिल्याच दिवसापासून लघवी केशरी होते, घामाला आणि अश्रूंनाही रंग येतो. पेशंटला सांगितलेलं असतं, घाबरू नका, हा औषधाचा रंग. मग महिन्याभराने कावीळ होऊन लघवी गडद झाली तरी तो म्हणतो, औषधाचा रंग! फरक ओळखता येतो. औषधाचा केशरीपणा गोळी घेतल्यावर काही तासांत गडद असतो आणि पुढच्या गोळीपर्यंत फिका पडत जातो. काविळीची लघवी दिवसभर काळ्या चहासारखी राहते, सोबत अन्नावरची वासना उडते, मळमळतं, डोळे पिवळे दिसतात. माझ्या मते टीबीच्या प्रत्येक पेशंटला हा फरक पहिल्याच दिवशी, घरच्या माणसांसमोर समजावला पाहिजे. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळ्या आपल्या मनाने चालूही ठेवायच्या नाहीत आणि महिनोन्महिने बंदही करायच्या नाहीत, कारण अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद न देणारा होऊन परतू शकतो.

आता परत त्या १२५ मिलिग्रॅमकडे. तिथलं गौडबंगाल वेगळंच आहे. सहाशे पंचवीसचा कोर्स पाच-सात दिवसांचा. घसा बरा झाला, स्ट्रिप केराच्या टोपलीत गेली, गोष्ट विसरली. तीन आठवड्यांनी अंगाला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही, डोळे पिवळे होतात. औषध शरीरातून केव्हाच गेलेलं असतं. त्याचे शेवटचे अंश बाहेर पडून आठवडे उलटलेले! काही जणांत तर कावीळ कोर्स संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी उगवते. नसलेलं औषध इजा कशी करतं?

ते करत नाही. करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यकृताच्या काही प्रथिनांना चिकटतं. तशी चिकटलेली प्रथिनं प्रतिकारशक्तीच्या पेशींना परकी वाटू शकतात. परक्याला ओळखणाऱ्या मूठभर पेशींची संख्या वाढून कारवाई सुरू व्हायला दिवस, आठवडे लागतात. तोवर मूळ कारण नाहीसं झालेलं असतं. आणि इजा होते ती मुख्यतः पित्त वाहून नेण्याच्या कामाला. पित्त तुंबतं, म्हणून ती खाज.

मग सगळ्यांनाच असं का होत नाही? पेशीच्या आत काय चाललंय त्याचे छोटे प्रथिन-तुकडे प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, आणि ते धरून ठेवणाऱ्या रेणूंना एचएलए म्हणतात. माणसामाणसांत हे रेणू जितके वेगळे असतात तितकं आपल्या जनुकांत दुसरं क्वचितच काही वेगळं असतं. अवयवदानाच्या वेळी जुळणी बघतात ती यांचीच. १९९९ साली बेल्जियमच्या डॉक्टरांना या जोडगोळीने कावीळ झालेल्यांत एक विशिष्ट एचएलए प्रकार निम्म्याहून अधिक जणांत सापडला. सर्वसाधारण लोकांत तो आठ-नऊ जणांत एकाकडे होता.

दहा वर्षांनी, २००९ साली, न्यूकॅसलच्या अ‍ॅन डेली यांच्या गटाने ब्रिटनमध्ये सर्रास दिल्या जाणाऱ्या फ्लुक्लॉक्सॅसिलिन या अँटिबायोटिकचा छडा लावला. एचएलए-बी ५७:०१ हा प्रकार ज्यांच्याकडे असेल त्यांना त्या औषधाने यकृताचा दाह होण्याचा धोका इतरांच्या ८० पट! आणि हाच प्रकार अंगात असला तर एचआयव्ही विषाणूला काबूत ठेवणं सोपं जातं. एकच रेणू एका आजारात तारतो आणि एका औषधात गोत्यात आणतो. शिवाय ८० पट धोका असूनही तो प्रकार बाळगणाऱ्या पाचशे ते हजार जणांत एखाद्यालाच कावीळ होते. म्हणजे जनुक ही एक पायरी झाली. तिच्यावर आणखी कितीतरी पायऱ्या एकाच वेळी चढाव्या लागतात तेव्हा कुठे इजा घडते.

खरं तर यकृत हा शरीरातला फार सोशिक अवयव. आतड्यातून रोज परक्या प्रथिनांचे आणि मेलेल्या जंतूंचे तुकडे त्याच्याकडे येतात. प्रत्येकावर प्रतिकारशक्ती धावून गेली असती तर आपण वांग्याची भाजी खाऊनही आजारी पडलो असतो. परक्याला परकं मानूनही त्याच्यावर हात न उगारणं, हे यकृताचं अंगभूत शहाणपण. लाखातल्या ९९,९८३ जणांना तेच वाचवतं.

इतकी दुर्मीळ गोष्ट औषध बाजारात येण्याआधी पकडता येत नाही का? हिशेब करून बघा. दहा हजारांत एकाला होणारी इजा निदान एकदा तरी दिसेल अशी जवळपास खात्री हवी असेल तर औषध तीस हजार लोकांना द्यावं लागतं. परवानगीआधीच्या चाचण्यांत सहसा काही हजार माणसं असतात. म्हणून शेवटची खरी चाचणी बाजारातच होते, तुमच्या-माझ्यावर, आणि ती नोंदली गेली तरच उपयोगी पडते. भारतात त्यासाठी २०१० पासून औषध सुरक्षा कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, पेशंटही नोंद करू शकतो. कावीळ झाली की गेल्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी आठवून डॉक्टरांना सांगा, संपलेल्या कोर्ससकट. नेमका तोच आपण सांगायचा विसरतो.

त्या यादीत काढेही घाला. अँटिबायोटिकने यकृत गरम पडलं असेल म्हणून वर गुळवेलीचा रस घेणारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताचा दाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. वनस्पतीची रसायनं त्याच दोन भांड्यांतून जातात. यकृताला ती झाडावरून आली की कारखान्यातून, याच्याशी देणंघेणं नाही.

आणि इजा झालीच तर? औषध थांबवलं की बहुतेकांचं यकृत स्वतःला सावरतं. दोन तृतीयांश कापून काढलं तरी काही आठवड्यांत मूळ आकाराच्या आसपास वाढणारा हा अवयव आहे. सहाशे पंचवीसने कावीळ झालेल्याला ती गोळी मात्र पुन्हा आयुष्यात देत नाहीत, कारण प्रतिकारशक्ती ते विसरत नाही आणि दुसऱ्या खेपेला अधिक लवकर उठते. टीबीत तशी सवड नसते. ती औषधं सोडली तर जंतू माणूस खातात. म्हणून डॉक्टर यकृत निवेपर्यंत इथॅम्ब्युटॉलसारख्या यकृताला न दुखावणाऱ्या औषधांवर वेळ काढतात, एसजीपीटी नॉर्मलच्या दुपटीखाली आलं की तीच दुखावणारी औषधं पुन्हा द्यायला लागतात, आणि दर काही दिवसांनी रक्त तपासत राहतात. दिल्लीच्या एम्समध्ये अशा १७५ पेशंटना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी औषधं परत सुरू करून पाहिली. काहींना एकेक करून, काहींना सगळी एकदम. २०१० साली निकाल आले. तिन्ही पद्धतींत लक्षणीय फरक पडला नाही. १९ जणांचं यकृत पुन्हा दुखावलं. उरलेल्या १५६ जणांच्या यकृतांनी पहिल्यांदा ज्यांच्यापुढे हात टेकले होते तीच औषधं दुसऱ्या खेपेला निभावून नेली.